धागा तुटला, तेव्हा

वस्तीच्या फळ्यावर आज सुविचाराऐवजी मी हे लिहितोय. उद्यापर्यंत कोणी पुसू नका.

कोराडीच्या वीज केंद्रात वाफेनं भाजलेल्या माझ्या भावाची, शंकरची, आज दुपारी दवाखान्यात पट्टी बदलायची होती. एरवी चौघांनी धरलं तरी तो आवरत नाही. आज डॉक्टर म्हणाले, औषधासोबत संमोहनही करून पाहू. मला तर ही जादूटोण्याची भानगड वाटली.

डॉक्टर हळू आवाजात बोलत गेले, "शंकर, तू घरी हातमागावर बसला आहेस." चादरीखाली त्याचे पाय मागाच्या पावड्या दाबल्यासारखे हलू लागले. सिस्टरनं हातावरची पट्टी उचलली. तो गप्प!

तेवढ्यात पाय अडखळले. पलंगाशी उभे असलेले आमचे बाबा, जन्माचे विणकर, सवयीनं ओरडले, "थांब, धागा तुटला!"

पाय थांबले आणि शंकर जोरात किंचाळला.

डॉक्टर म्हणाले, "काका, आता तुम्हीच जोडा."

बाबांचा आवाज कापत होता. "जोडला गा, शंकर. चालव."

पाय पुन्हा चालू लागले. पट्टी झाली.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, तो झोपला नव्हता, सगळं ऐकत होता.

उद्या पुन्हा पट्टी आहे. बाबा ओट्यावर बसून एकच शब्द हळूहळू म्हणून पाहून राहिले आहेत, "चालव."

तुमच्या घरी दुखणं सोसणाऱ्या माणसाशी तुम्ही कोणत्या आवाजात बोलता?