अक्कांचे वीस टक्के

मारतहळ्ळीच्या ऑफिसातून सर्जापूर रोडवरच्या घरी पोचायला तेव्हा मला दीड तास लागायचा. संध्याकाळची तिरपी उन्हं बसच्या काचेतून मांडीवर येऊन बसायची. त्या अर्धवट झोपेत मला वाक्यं सुचायची, आणि त्या वाक्यांतूनच आमचा ब्लॉग सुरू झाला.

विषय होता अंदाजबाजार. एखादी गोष्ट घडेल की नाही यावर अनेक जण आपापला आकडा लावतात आणि त्यातून सगळ्यांचा मिळून एक आकडा तयार होतो, इतकंच. आमच्याकडे पैशांचा संबंध नव्हता, नुसते गुण होते. सुरुवातीला मी आणि ऑफिसातला एक मित्र असे दोघंच लिहायचो, मग आणखी तिघं आली. कोणी कधी लिहायचं ते मी ठरवायचे, सगळ्यांचे लेख तपासायचे आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी टक्केवारी आली आहे ना ते बघायचे. महिन्यातून एका रविवारी इथल्याच शिवाजीनगरातल्या एका लहानशा खानावळीत आम्ही जमायचो. वाचक मात्र बोटांवर मोजण्याइतके.

त्यातल्याच एका वाचकाचं पत्र आलं. ‘तुम्ही सत्तर टक्के म्हणता, पण चुकलात तर ते कुठे लिहून ठेवता?’ आम्ही कुठेच लिहून ठेवत नव्हतो. पत्र एका सत्तरीच्या बाईंचं होतं. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं, बोलण्यात अधूनमधून कन्नड शब्द यायचे; त्या स्वतः एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्याच्या कामावरून निवृत्त झालेल्या. मी त्यांना लिहायलाच बोलावलं. सगळे त्यांना अक्का म्हणायला लागले.

अक्कांचे विषय आमच्यासारखे नव्हते. आम्ही निवडणुका आणि क्रिकेट सोडत नव्हतो. त्यांनी विचारलं, ‘माझ्या दारासमोरचं टॅबेबुयाचं झाड जानेवारी संपायच्या आत फुलेल का?’ सोबत गुलाबी फुलांनी भरणाऱ्या त्या झाडाचा फोटो. का कोण जाणे, लोकांना तो प्रश्न फार आवडला. पुण्याहून, दुबईहून, कधीही हे शहर न पाहिलेली माणसं येऊन आकडे लावू लागली. ते दिवस मला आजही धुक्यातून बघितल्यासारखे आठवतात. कामाच्या मधेच मी ब्लॉग उघडायचे आणि शेकडो अनोळखी लोक एका झाडाकडे टक लावून बसलेत असं वाटायचं. बाजाराचा आकडा ऐंशीवर गेला.

त्याच आठवड्यात अक्कांचा लेख आला. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ‘फुलण्याची शक्यता वीस टक्के.’ सगळे ऐंशी म्हणत असताना वीस? अक्कांनी उलटं लिहिलं असणार, त्यांना न फुलण्याचे वीस म्हणायचे असणार, असं मी धरून चालले. त्यांना फोन करायला दोन मिनिटं लागली असती. मी वीसचे ऐंशी केले, लांबलेला एक परिच्छेद नीट न वाचताच काढला आणि लेख टाकून दिला.

जानेवारी संपला. झाड फुललं नाही.

अक्कांचे लेख यायचे थांबले, रविवारी त्या यायच्या थांबल्या. गुडघे दुखत असतील, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. महिनाभराने काहीतरी शोधताना त्यांचा मूळ लेख माझ्यासमोर उघडला. मी काढलेल्या परिच्छेदात लिहिलं होतं, ‘पावसाळ्यात गटारासाठी खणताना झाडाची निम्मी मुळं तुटली. फोटोत ते दिसत नाही.’ आमच्यापैकी कुणालाच माहीत नसलेली एकच गोष्ट त्यांना माहीत होती, आणि ती मी पुसून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मी मित्राला सांगितलं, की हे ब्लॉगवर जाहीर लिहायचं.

“कशाला?” तो म्हणाला. “गुपचूप दुरुस्त कर. आत्ता कुठे लोक यायला लागलेत.”

“आधी त्यांच्याकडे जाऊन येते,” मी म्हटलं.

अक्कांनी दार उघडलं, आत बसवलं, कॉफी करून आणली. दुपार होती, खोलीत मंद पिवळा उजेड होता आणि पंख्याखाली सगळं तरंगल्यासारखं वाटत होतं. मी एका दमात सगळं सांगितलं.

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “छापून आलं त्याच दिवशी वाचलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू येऊन सांगशील, असं वाटत होतं.”

“किती टक्के?” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी कप खाली ठेवला. “आधी खूप होते. मग रोज स्वल्प कमी करत गेले.”

मला रडू आलं. त्यांनी येऊ दिलं, समजूत घातली नाही. मग म्हणाल्या, “कारखान्यात कुणी माझं माप बदललं असतं ना, तर मी सही केली नसती. इथे माझं नाव होतं खाली.”

“मी माझ्या नावाने लिहीन. तुमचा लेख जसा होता तसा टाकेन.”

“सरी, चालेल,” त्या म्हणाल्या. “आणि तो मुळांचा परिच्छेद वरती घे.”

त्याच संध्याकाळी मी लिहिलं: आकडा मी बदलला, न विचारता बदलला, अक्का बरोबर होत्या. काही वाचक चिडून गेले ते परत आले नाहीत. मित्र आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होता. मग एके दिवशी त्यानेच स्वतःचे सगळे चुकलेले अंदाज शोधून एका पानावर मांडले आणि मला न सांगताच टाकले. ते पान वाचून दोन नवीन लेखक आले.

आता आम्ही अकरा जण आहोत. लेख मी एकटी तपासत नाही. अक्कांना डोळ्यांमुळे टाईप करणं जमत नाही, म्हणून दर शनिवारी सकाळी त्या फोनवर सांगतात आणि मी लिहून घेते. आकडा आला की मी थांबते आणि तो त्यांना परत वाचून दाखवते. पलीकडून कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची कन्नड हाक ऐकू येते. मग त्या म्हणतात, “हो, तोच,” आणि आम्ही पुढच्या वाक्याकडे वळतो.