वळणाचं माप

अमरावतीला आम्ही पाच-सहा जण मातीच्या सैनिकांच्या लढाया खेळत असू. गोष्ट एकसष्ट-बासष्टच्या आसपासची. आम्ही सगळे कमावते, लेकुरवाळे. मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो. माझ्या एका सहकाऱ्याने विलायतेहून प्राचीन लढायांच्या खेळाच्या नियमांची सायक्लोस्टाईल केलेली चोवीस पानं आणली आणि मला देऊन टाकली. पोळ्याचे मातीचे बैल करणाऱ्या कुंभाराकडून आम्ही दीड-दीड इंचाचे भालेवाले, घोडेस्वार आणि हत्ती करवून घेतले. ते पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर चिकटवले की एक पट्टी म्हणजे एक तुकडी. पायदळ एका पाळीत सहा इंच सरकणार, घोडदळ बारा. तुकडी शत्रूला भिडली की फासे टाकायचे.

ऐकायला सोपं वाटतं. पण तुकडी वळवायची झाली की वाद सुरू. वळताना आतला कोपरा जागचा हलत नाही आणि बाहेरचा मोठी चक्कर मारतो. मग मोजायचं कुणाचं? यावर आमचे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी आमच्यातला मोजणीदार बोलला.

तो भूमापन खात्यात नोकरीला होता. दर्यापूरकडचा, छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातला. बोलणं कमी, आणि बोलला तर वऱ्हाडीच.

"सर, खळ्यावर मळनी पाह्यली ना? मधल्या खांबाजवळचा, मेढीजवळचा बैल जागच्या जागी फिरते, कडेचा मरमर चालते. माप कडेच्या बैलाचं धरा."

मी पानं उघडली. आमच्या नजरेतून सुटलेला नियम नेमका तोच होता. त्याने तोवर पुस्तक पाहिलंही नव्हतं.

त्या दिवसापासून टेबलावरचं माप त्याच्याकडे गेलं. तो सुतळी वापरायचा. आधी ती भिजवून, ताणून, वाळवून घ्यायचा आणि मग तिच्यावर शाईने इंच पाडायचा, म्हणजे ती पुढे ताणली जात नसे. चक्कर असेल तर सुतळी चकरेवरूनच नेणार, मधून सरळ कापून नाही. एकदा त्याचेच घोडेस्वार शत्रूपासून गव्हाच्या दाण्याएवढे अलीकडे राहिले. आम्ही म्हणालो, जाऊ द्या हो, भिडले समजा. तो म्हणाला, "काहून? नाई भिडले," आणि लढाई हरला. मी एवढा सरळ माणूस दुसरा पाहिला नाही. यापुढे सगळ्या सामन्यांत पंच त्यालाच करायचं, असं आमचं जवळजवळ ठरलं होतं.

नियमांचा मराठी अनुवाद मी केला होता. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'संपूर्ण अनुवाद' असं लिहिलं होतं. तो संपूर्ण नव्हता. भिडण्याच्या प्रकरणातलं एक वाक्य मला उमगलं नव्हतं. ते किरकोळ असेल असं समजून मी गाळलं आणि कुणाला सांगितलं नाही. इंग्रजी पानं मोजणीदाराने एकदा आठ दिवसांसाठी नेली होती. शब्दकोश घेऊन बसला असणार. परत देताना एवढंच म्हणाला, "चांगलं लिवलं हाये."

त्यानंतर अकोल्याच्या मंडळींशी सामना ठरला. तिथल्याच एका वकिलांच्या दिवाणखान्यात दोन टेबलं जोडून मांडली होती. वकील हत्तींच्या बाजूने, मोजणीदार घोडदळाच्या. त्याच्या खेळात तो पंच कसा होणार, म्हणून त्या दिवशी पंच मी. वही बरोबर होती, इंग्रजी पानं घरी.

दुपारपर्यंत मोजणीदाराची बाजू वर होती. त्याने घोडदळ तिरकं नेलं. बरोबर बाराव्या इंचावर एक कोपरा हत्तींच्या पट्टीला टेकला. मग त्याने तुकडी वळवून हत्तींसमोर सपाट लावली.

"थांबा," वकील म्हणाले. "बारा इंच तर झाले. हे वळायाले दोन इंच कुठून आनले?"

"कोपरा भिडला वकीलसाहेब. भिडल्यावर सरळ होयाले माप लागत नाई. पुस्तकात हाये."

"कोन्त्या पुस्तकात? तुमच्या खात्याच्या? तिथंई असेच बांध सरकवता काय भाऊ?"

सगळे हसले. आमचेही हसले. मोजणीदार माझ्याकडे पाहत म्हणाला, "सर, पाहा ना."

मी वही चाळली. तसं काही नव्हतं, आणि कसं असणार? एक वाक्य गाळलं आहे हे मला आठवलं. ते हेच असेल, असं मनात आलंही. तेवढं बोललो असतो तर पुरे होतं. पण पहिल्या पानावरची ती मोठी अक्षरं वकिलांनी नुकतीच सगळ्यांना वाचून दाखवली होती. मी म्हणालो, "वहीत नाही. घोडदळ मागे घ्या."

त्याने दोन बोटांनी पट्टी उचलून मागे ठेवली. पुढच्या पाळीत हत्तींनी ते घोडदळ मोडलं आणि सामना गेला. परतीच्या गाडीत आमच्यातलेच एक जण मला हळूच म्हणाले, "माणूस बरा वाटला होता, पण नियम बनवतो." मी वही पिशवीत सारली. हाच दावा माझ्यासारख्याने केला असता तर लोकांनी निदान मूळ पुस्तक मागवलं असतं.

घरी येऊन पानं काढली. गाळलेलं वाक्य तेच होतं. कोपरा टेकला की तुकडीने शत्रूसमोर सपाट व्हावं, त्या वळणाचं माप धरू नये.

दोन दिवसांनी तो घरी आला. चहा घेतल्यावर म्हणाला, "सर, ते इंग्रजी पुस्तक एकडाव पाहू देता काय? मलेच वाटून राह्यलं, का मी चुकीचं वाचलं."

पानं मागच्या कपाटात होती. मी म्हणालो, "कुणीतरी नेलीयत. कुणी ते आठवत नाही."

"बरं," तो म्हणाला. पुन्हा त्याने कधी मागितली नाहीत.

पंच म्हणून त्याचं नाव परत निघालं नाही. ती खुर्ची माझ्याकडे आली. वर्षभराने मी वहीची नवी प्रत केली आणि ते वाक्य गुपचूप घातलं. अकोलेकर अमरावतीला आले तेव्हा वकिलांनी ते वाचून माझी पाठ थोपटली. "सर, हा नियम नामी काढला तुमी."

मोजणीदाराने वही घेतली, ओळ वाचली आणि वही मिटली. "पुस्तक सापडलं वाटते सर."

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं. नियम बरोबर पाह्यजे."

त्या सामन्यात या नियमाची वेळ आली ती त्याच्यावरच. वकिलांच्या घोड्यांचा कोपरा त्याच्या पायदळाला टेकला. वकील जुन्या सवयीने मागे घेऊ लागले, नवा नियम त्यांच्या ध्यानातच नव्हता. मोजणीदाराने सुतळी लावून पाहिली.

"भिडले तुमचे घोडे, वकीलसाहेब. वळवा. वळनाचं माप धरत नाई."

त्याची फळी फुटली. मी पंचाच्या खुर्चीत होतो. वकील, मी, आमचे सगळे एकाच टेबलाभोवती होतो. तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी फासे पुढे सरकवले.

पुढे त्याची बदली झाली आणि आमचा खेळही बंद पडला. तो वारला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवाणखान्यातले एक-दोघे अजून आहेत. भेटले की म्हणतात, मोजणीदार हुशार होता, पण अकोल्याला त्याने दोन इंच चोरले. मी आजवर गप्प राहिलो. त्याने काही चोरलं नव्हतं. त्याचं वाचन बरोबर होतं, वही माझी अपुरी होती, आणि पुस्तक त्या सगळ्या काळात माझ्या घरी होतं.