दीरांचा काळा चहा

दूध अर्धंच गाळून झालं होतं, तेवढ्यात धाकट्या दीरांनी, निश्चलबाबूंनी, कप पुढे केला. मेलबर्नला शिकून ते परतले ते सासूबाईंच्या अंत्यविधीलाच. काल तेरावं झालं, तरी दुखवट्याच्या पांढऱ्या कपड्यांतल्या त्यांना बघायला अख्खं पोखरा लोटतंय. सासूबाई अंथरुणात असताना त्यांचं सगळं मी केलं, त्याचं कुणी नाव काढत नाही.

“आई गेली की मुलानं वर्षभर दूध घ्यायचं नसतं, बाबू. तिकडे विसरलात वाटतं?”

“आमा मला असलं कधी बोललीच नाही, भाउजू. फोनवर एवढंच विचारायची, जेवलास का?”

मला सासूबाईंनी सगळे नेमधर्म शिकवले. जेवलीस का, असं एकदाही विचारलं नाही. भगवती माते, या पोरक्या मुलाचाही मला हेवा वाटतो.

आता त्यांच्या काळ्या चहासाठी लिंबं आणायला जाते.