वसंतभावोजी आणि बोटींचे दिवे

घरात एक जण परीक्षेला बसला की अभ्यास त्याचा होतो आणि किस्से सगळ्यांच्या वाट्याला येतात. आमच्या वसंतभावोजींनी तर तीन परीक्षांचे पुरवले!

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर, बंदरात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, खलाशी. ऐंशी सालानंतरची, आम्ही गोरेगावला राहायचो तेव्हाची गोष्ट. त्यांना सारंग व्हायचं होतं, म्हणजे छोटी बोट स्वतःच्या हातात घ्यायची. परीक्षा तोंडी. काळोख्या खोलीत साहेब लाल, हिरवे, पांढरे दिवे लावणार आणि विचारणार, "रात्री हे दिसलं तर कसली बोट? कुठे चाललीय?" भावोजी घरी घडाघडा सांगत आणि साहेबांपुढे थिजत. दोनदा नापास! ठरलेल्या मुलीच्या वडिलांनी गावाहून, देवगडहून, कळवलं, "या खेपेला पास झाले तरच तारीख काढू."

मी एकवीस मंगळवार बोलले. शेजारच्या कांबळेबाई म्हणाल्या, "मी नवसबिवस करत नाही गं. मी त्याला रोज प्रश्न विचारीन." देवानं दोन्ही धरलं असणार.

*

शाळेची काळी पाटी म्हणजे आमचा समुद्र. पांढऱ्या दिव्याला तांदूळ, लालला कुंकवाचं बोट, हिरव्याला वाढलेल्या बांगडीचा तुकडा. मी एकावर एक दोन तांदूळ ठेवले, खाली कुंकू लावलं.

"टग. मागे काहीतरी ओढतोय. डावी बाजू दिसतेय!"

इतक्यात सासूबाई जोरात शिंकल्या. मूठभर तांदूळ पाटीभर उडाले. कांबळेबाई म्हणाल्या, "आता ओळख!"

"वर्सोव्याच्या होड्या," भावोजी म्हणाले. "नारळी पौर्णिमेनंतरच्या!"

*

पाण्यातला नियम असा, की उजवीकडून आडवी येणाऱ्या बोटीला आधी वाट द्यायची. एका मंगळवारी देवळात जाताना आम्ही हायवेच्या कडेला उभे. पंधरा मिनिटं झाली तरी भावोजी हलेनात.

"अहो भावोजी, चला ना!"

"वहिनी, सगळ्या उजवीकडूनच येतायत!"

शेवटी मीच त्यांचा हात धरून ओढत पलीकडे नेलं. माझा उपास होता, त्यांना मात्र चक्कर आली.

*

गणपतीत मखराचे दिवे भावोजींनी लावले. बाप्पाच्या उजव्या हाताला हिरवा, डाव्याला लाल, वर पांढरा. आमचे हे वैतागले, "अरे, ही काय आगबोट आहे? तोरण लाव सरळ!"

"दादा, समोरून लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले की समजायचं, बोट थेट आपल्याकडे येतेय."

मी आपले हात जोडले. तोरण त्या वर्षी पेटीतच राहिलं.

कांबळेबाई मखराच्या मागे डोकावल्या. तिथेही एक पांढरा बल्ब! "हा गं कशाला?"

"तो जाताना दिसायचा," भावोजी म्हणाले. "विसर्जनाला."

*

परीक्षेआधीच्या रविवारी कांबळेबाई म्हणाल्या, "पाटी पुरे, खरा समुद्र दाखवा." सगळे मढला गेलो. सूर्य बुडाला, अंधारून आलं आणि पाण्याच्या वर एक पांढरा दिवा दिसला.

"बोल," कांबळेबाई म्हणाल्या.

भावोजींनी डोळे बारीक केले. "एकच पांढरा. हलत नाही. नांगर टाकून उभी आहे. लहान बोट."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी मनात गणपतीला म्हटलं, झालं रे बाबा, पोर तयार झालं. चणे खाऊन होईपर्यंत बोट खाली खाली जायला लागली. मग पाण्याला टेकली. मग नाहीशीच झाली!

हे म्हणाले, "शुक्राची चांदणी होती ती."

"आधी बोट बुडाली, तिचं बोला!" कांबळेबाई म्हणाल्या.

मी एकवीसच्या जागी पंचवीस मंगळवार केले.

*

परीक्षेच्या दिवशी देवापुढची समई मी विझू दिली नाही. दुपारी भावोजी आले, घोटभर पाणी प्यायले आणि सांगायला लागले.

साहेबांनी दिव्यांचे नऊ प्रश्न विचारले. नऊच्या नऊ बरोबर! मग त्यांनी सगळे दिवे बंद केले. खोलीत मिट्ट काळोख.

"आता काय दिसतं?"

"काही नाही साहेब."

"पण समोर बोट आहे. बोल, कुणाची?"

मागच्या दोन्ही खेपांना भावोजींची इथेच वाचा बसली होती. पण या वेळी कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं, "दिवाच लावला नाही म्हणजे आमच्या गावचा कुणीतरी असणार साहेब."

"मग काय करशील?"

"इंजिन हळू करीन, भोंगा देईन. आणि जोरात एक शिवी घालीन. तो उलट घालणारच. आवाज जिथून येईल तिथून लांब वळवीन."

मग दिवा लागला. साहेबांनी 'पास'वर खूण केली आणि मान वर न करताच म्हणाले,

"शिवी मालवणीतच घाल."