सोडलेल्या कण्या

माझ्या नातीनं माझ्याच घरी सव्वा महिना धड अन्न खाल्लं नाही. हे मी कुणाला सांगत नसे, कारण पोरांना काय खाऊ घालावं हे अख्ख्या गावाला शिकवणारी बाई मीच. सोनाळ्याजवळच्या आमच्या खेड्यात मी वीसेक वर्षांपासून अंगणवाडी चालवते. "बाई, पोट्टं जेवतच नाही" म्हणत आलेल्या आयांना मी चांगलं झापलेलं आहे. सकाळी उठल्याबरोबर त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा देता अन् दुपारी माझ्यापाशी रडत येता, असं तोंडावर म्हणायची. माझी जीभ तशी तिखटच. त्या बिचाऱ्या खाली मान घालून ऐकायच्या.

माझी एकुलती एक लेक पुण्यात राहायची. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. नात तेव्हा पावणेदोन वर्षांची. जावई कंपनीत नोकरीला आणि त्यांच्याकडे दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून तेरवी आटोपून पोरीला मी इकडे घेऊन आले.

त्या तेरवीलाच मी सगळ्या बायांसमोर कण्या सोडल्या. आमच्याकडे जिवाचं माणूस गेलं की त्याच्या नावानं एखादी आवडीची वस्तू सोडतात, म्हणजे ती पुन्हा जन्मात तोंडात घालायची नाही. माझ्या आईनं वडिलांमागे आंबा सोडला होता आणि शेवटपर्यंत पाळलं होतं. ज्वारी जाडसर भरडायची, मऊ शिजवायची, वरून ताक ओतायचं, एवढ्याच त्या कण्या. पण माझ्या लेकीला त्यांच्यापुढे पंचपक्वान्न नको. माहेरी आली की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायची, "माय, कण्या टाकल्या काय वं?" सगळ्यांची जेवणं झाली की आम्ही मायलेकी चुलीपाशी बसून पातेलं रिकामं करायचो. आता ती नाही, तर मला तरी कशाला हव्यात?

जावई आम्हाला पोचवायला आले होते, ते परत निघताना दारात थांबून म्हणाले, "मामी, पोरगी जेवायले लागली की मी नेतो तिले. पाळणाघरवाल्या बाईनं सांगतलं, जेवणाची सवय लावून आणा, आमच्याच्यानं एकेकाले भरवणं होत नाही." मी हो म्हटलं. बाप आहे तो, नाही कसं म्हणणार.

आणि पोरगी काही खाईना. वरणभात केला, तिनं जिभेनं बाहेर लोटला. मुगाच्या डाळीचं धिरडं केलं, ते तिनं कुत्र्याला टाकलं. पालक वाटून पिठात कालवला, हिरव्या पोळ्या केल्या, बीट किसून लाल केल्या. अंडं उकडलं, केळं कुस्करलं, गूळ घालून लापशी केली, शेंगदाण्याचा कूट दुधात घातला. अंगणवाडीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात तशी तीन रंगांची थाळी सजवली. ती थाळीकडे पाहायची, मग माझ्या तोंडाकडे पाहायची आणि ओठ मिटून घ्यायची. शेजारीण मीठ-मिरची ओवाळून गेली. दोन घोट दूध आणि अर्धं बिस्किट, यावर ती दिवस काढायची. हो, बिस्किटच. मी दिलं.

दर पंधरा दिवसांनी मी तिला आमच्याच अंगणवाडीच्या काट्यावर वजनाला टांगायची. आमच्या तक्त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे असतात. आली तेव्हा ती हिरव्यात होती, मग पिवळ्यात उतरली. दुसऱ्याच्या पोराचं वजन उतरलं की मी त्या आईला धारेवर धरत होते. आता तसाच ठिपका मी माझ्याच नातीच्या नावापुढे मांडला.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. एका दुपारी ती न जेवता माझ्या मांडीवर झोपली होती आणि माझ्या मनात आलं, नाही जेवली तर इथंच राहील. असं आलं मनात. दुसऱ्या क्षणी मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. लेकीची एवढीच खूण उरली होती आणि मी तिच्या उपाशीपणात माझा फायदा पाहत होते.

त्याच संध्याकाळी मी ज्वारी भरडली. कण्या फक्त खायच्या सोडल्या होत्या, शिजवायच्या नाही. तिच्या आईला आवडायच्या, तिलाही आवडतील, एवढाच विचार. दिवेलागणीच्या आधी वाटीत काढून, थोडं दही कालवून तिच्यापुढे ठेवल्या. तिनं वास घेतला. चमचा धरला, भरला, आणि माझ्या तोंडासमोर आणला.

"आजी, आम."

"मले नको बाई, तू खा."

तिनं ओठ मिटले. चमचा तसाच धरलेला.

आमचे हे शेतातून येऊन हातपाय धूत होते. म्हणाले, "खाय ना वं एक घास. पोरगी देऊन राह्यली."

"म्या सोडल्या हायेत."

"मंग म्या खातो," म्हणून ते पुढे झाले. तिनं चमचा मागे ओढला. आजोबा नको होते तिला. पुन्हा माझ्यापुढे आणला. "आजी, आम." अर्ध्या कण्या लुगड्यावर सांडल्या.

तेव्हा मला एकदम आठवलं. मागच्या दिवाळीला लेक आली होती आणि पोरीला घेऊन एकाच ताटात जेवत होती. एक घास हिला, एक स्वतःला. मी डाफरले होते. "आधी लेकराले चारून घे, मंग तू खाय. त्याच्या ताटात कोणी जेवते काय?" ती हसून म्हणाली होती, "माय, म्या खाल्लं तरच ते खाते. तिले एकटीले जेवू वाटत नाही." पुण्याला जाऊन लय शहाणी झाली, असं काहीतरी मी बोलले होते. आमच्या घरात बाईमाणूस सगळ्यांच्या मागून जेवतं. मी सगळ्यांचं आवरल्यावर भांड्यांपाशी बसून चार घास गिळायची. सव्वा महिन्यात त्या पोरीनं मला एकदाही जेवताना पाहिलं नव्हतं. ताटापुढे बसून ती रोज माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि मी म्हणत होते, नखरे करते.

लेकीनं मला सांगून ठेवलं होतं. मीच ऐकलं नव्हतं.

चमचा अजून समोर होता. छोटा हात दमून खाली जायला लागला होता. मी मनातल्या मनात लेकीला म्हटलं, माय, माफ कर, आणि तोंड उघडलं. कण्या जिभेला लागल्या तशी मी रडायलाच लागले. तोंडात घास, डोळ्यांत पाणी, गिळताही येईना. पोरीनं माझ्याकडे नीट पाहिलं, मी गिळल्याची खात्री केली आणि मग स्वतःचं तोंड उघडलं. एक माझा, एक तिचा, असं करत वाटी संपली. हे ओसरीवर पाठमोरे जाऊन बसले होते. लेकीच्या तेरवीलाही न रडलेला माणूस, पण त्यांचे खांदे हलत होते.

मग ती खायला लागली. वरणभात खाल्ला, तेच धिरडं खाल्लं, पालकाची पोळीही खाल्ली. अट एकच, आधी मी खायचं. माझंही वजन वाढलं. अंगणवाडीत आता मी कुणाला झापेनाशी झाले. आयांना एवढंच विचारायची, "तू कधी जेवतं? त्याच्या संगं बसून जेवतं काय?" बहुतेक जणी नाही म्हणायच्या. मग मी सांगायची, बस त्याच्यासंगं, त्याच्याच ताटात खाय, पाह्य खाते का नाही ते. दीड महिन्यात नातीचा ठिपका हिरव्या पट्ट्यात गेला. ठिपका मांडताना मला कळत होतं, मी काय मांडून राहिले ते. तरी मांडला. खोटा मांडता आला नाही.

जावयांना मीच फोन केला. ते आले तेव्हा पोरगी माझ्यासमोर बसून भाकरी-वरण खात होती. ते दारातच उभे राहिले. मी भरडलेल्या ज्वारीची थैली बांधून दिली, पाणी किती, शिजवायचं किती, सगळं समजावलं. म्हटलं, "आधी तुम्ही खायचं, मंग ते खाईल."

"मामी, मले कण्या आवडत नाहीत."

"नाही आवडल्या तरी खायच्या."

ते मान खाली घालून हो म्हणाले. वरवट बकालहून गाडी होती. पोरगी त्यांच्या खांद्यावरून मला हात करत गेली, रडली नाही. मीही तिच्यासमोर रडले नाही.

पहिले काही दिवस जावई दुपारच्या सुटीत पाळणाघरात जाऊन व्हिडिओ कॉल लावायचे. मी इकडे वाटी घेऊन बसायची, घास खाऊन दाखवायची, ती तिकडे खायची. मग एक दिवस मी वाटी घेऊन बसले, तर ती चार पोरांच्या ओळीत बसून आपल्या हातानं जेवत होती. शेजारच्या पोरीच्या तोंडापुढे चमचा धरत होती, "आम" म्हणत होती. जावई दोनदा म्हणाले, "आजी पाह्य, आजी." तिनं पाहिलं, हसली आणि पुन्हा त्या पोरीकडे वळली. मी म्हटलं, "राहू द्या जावईबापू, जेवू द्या तिले."

फोन ठेवला. वाटी समोर तशीच. कण्या पुन्हा सोडाव्यात असं वाटलं. पण सोडलेली वस्तू एकदा तोंडात गेली की पुन्हा कोणाच्या नावानं सोडणार? मी वाटी सरकवून दिली आणि ह्यांचं ताट वाढलं.

हे ताटावर बसले आणि तसेच बसून राहिले. मी म्हटलं, "जेवा ना, गार होऊन राह्यलं."

त्यांनी माझी वाटी ओढून माझ्यापुढे ठेवली.

"तू खाय पह्यले," म्हणाले. "नाहीतर म्या बी नाही खात."

लग्न झाल्यापासून मी कधी त्यांच्या आधी जेवले नव्हते. ते माझ्या तोंडाकडे पाहत बसले होते. मी चमचा उचलला.