टाचणीबाईंचा नळ

तोंडात टाचण्या धरून कपडे बेतायची सवय, म्हणून गल्लीने त्यांना टाचणीबाई म्हणायला सुरुवात केली. बोलतानाही टाचण्या तोंडातच असतात, असं गिऱ्हाइकं वर म्हणायची. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, शिवणाचं दुकान बंद करून टाकू. आम्ही आहोत ना." बाईंनी आठवड्याभरात स्वतःच्या हाताने शटर वर केलं. तेव्हा खांद्यात भरलेली उसण अजून थंडीत बोलते. पण वर केलं ते केलं.

आता दुकान नाही. दोन खोल्या, ओटा, खिडकीशी शिलाई मशीन आणि कोनाड्यात देव, एवढं त्यांचं राज्य. त्यावर यंदा पाण्यावरून गंडांतर आलं.

झालं असं, की पोट बिघडून बाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, शिळं काही पोटात गेलं असेल. मुलाने मात्र खापर नळावर फोडलं. पाणी तपासून आणलं, तर थोडा गाळ आणि शुद्ध करायच्या औषधाचा वास, बाकी काही नाही. तरी तो हटेना.

"आई, भिंतीवरचं मोठं मशीन बसवू. ते नको असेल तर चल आमच्याकडे. हे स्वयंपाकघर बंद करून टाकू."

'बंद करून टाकू' म्हटल्यावर बाईंचे कान टवकारले.

"त्या मशीनला लागतं काय काय?"

"भिंतीला भोकं, विजेची जोडणी. आणि मधूनमधून कंपनीचा माणूस येऊन बघून जातो."

"म्हणजे मला तहान लागली की त्याची वाट बघायची?"

"तू म्हणजे ना, आई!"

"मी म्हणजे मीच. नळाच्या तोंडाला हाताने बसतो तसला फिल्टर मी पसंत केलाय. गाळ अडवतो, वास घालवतो. आपल्या पाण्याला तेवढं पुरे. आतली कांडी संपली की मीच बदलीन."

"तुला बरणीचं झाकण उघडत नाही!"

हे मात्र वर्मी लागलं.

"रविवारी ये. मी एकटीने बसवला, तर हे स्वयंपाकघर माझं. नाही जमलं, तर पेटी भरते."

रविवारी मुलगा बुटांसकट आत आला तो भिंत मोजायची टेप घेऊनच. सोबत सून होती. बाईंनी पदर खोचला. नळाच्या तोंडाची जाळी गंजून घट्ट बसली होती. त्यांनी तिला रबराची पट्टी गुंडाळली, देवाचं नाव घेतलं आणि पिळली. सुटली! फिल्टरच्या डब्यातल्या कड्यांपैकी एक नळाला सैल पडलं, दुसरं नेमकं बसलं. फिल्टर हाताने आवळून नळ सोडला, तर जोडातून एक थेंब गळेल तर शपथ.

"वा, आई!" सुनेने टाळीच वाजवली.

घरात काहीही नवं आलं, की त्यातलं पहिलं देवाचं, हा बाईंचा नेम. फुलपात्र भरून त्या कोनाड्याकडे वळल्या आणि थबकल्या. पाणी राखेसारखं. तळाशी काळी पूड.

"बघ! याच्यापेक्षा नळाचं बरं होतं," मुलगा म्हणाला. "भर आता पेटी." त्याने टेप काढलीसुद्धा.

असलं पाणी आपण देवापुढे ठेवायला निघालो होतो, याचीच बाईंना लाज वाटली. पण ती काळी पूड बघता बघता त्यांना गडद रंगाचं कोरं कापड आठवलं. पहिल्या पाण्यात ते रंग सोडतंच. म्हणून कोणी ते फेकून देतं का?

"सूनबाई, डब्यातल्या त्या कागदावर काय लिहिलंय बघ गं."

सुनेने घडी उलगडली. "आतल्या कोळशाची पूड निघते, आई. सुरुवातीचं पाणी टाकून द्यावं."

बाईंनी खाली बादली सरकवली आणि नळ पूर्ण सोडला. करडं पाणी धुरकट झालं, मग काचेसारखं नितळ. फुलपात्र घासून, भरून त्यांनी देवापुढे ठेवलं.

"पहिलं तुझंच होतं, पण ते काळं निघालं," त्या देवाला म्हणाल्या. "हे चांगलं आहे, हे घे."

मुलाने टेप गुंडाळली आणि ओशाळून पेला पुढे केला. "मला पण दे ना."

"थांब. देवाचं झालं, आता सूनबाई, मग मी, मग तू. तोवर ती बादली उचल. तुझ्या बुटांनी घाण केलेली फरशी पुसायला ते पाणी चालेल."