तिच्या बाजूची टाकी

आमच्या जुन्या ट्रकला डिझेलच्या दोन टाक्या. उजवीकडची माझी, डावीकडची तिची. एका टाकीवरनं दुसरीवर घ्यायचा पितळी कॉक बायकोच्या सीटखाली होता, म्हणून ती तिची. मी म्हणायचो, "फिरव गं." ती पाय बाजूला घेऊन वाकायची आणि फिरवायची. डिझेलचा काटा कधीच चालला नाही. टाकीत लिंबाची काठी घालून तीच बघायची आणि दर वेळी ऐकवायची, "आवं, माझी टाकी बघा कशी पुरती. तुमचीच हावरी."

ती जाऊन वर्ष होत आलं. त्यात ट्रकचं इंजिनही बसलं. मुलगा सांगलीतच, विश्रामबागेत राहतो. तो म्हणाला, भंगारात द्या. मी दिला नाही. मोडीत निघालेल्या एका गाडीचं जरा नवं इंजिन आणून बसवलं. वर्षश्राद्धाला तिच्या आईला वडूजजवळच्या गावाहून सांगलीला आणायचं होतं. म्हातारीला एसटीत उलटी होते, कारमध्ये जीव गुदमरतो. लेकीच्या ट्रकमधनं मात्र ती कायम आली. मुलगा म्हणाला, "आबा, आज सांजपातूर गाडी धड चालली तर उद्या जावा. न्हाईतर मी कार घिऊन जातो."

आता कॉक फिरवायला शेजारी कोण नाही. गाडी चालवता चालवता मी वाकलो तर गाडी झाडावर जाईल. म्हणून मी आणि मिस्त्रीनं कॉक काढून विजेवरचा व्हॉल्व बसवला, त्याचं बटण स्टेअरिंगजवळ घेतलं. दोन्ही टाक्यांत डिझेलवर तरंगून पातळी सांगणारे नवे फ्लोट टाकले आणि काट्याची वायर त्याच बटणावर घेतली. जी टाकी चालू, तिचंच डिझेल काट्यावर दिसणार. तिच्या टाकीच्या वायरी ओळखायला तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली.

मिस्त्री म्हणाला, "दुकानात टेप मिळत न्हाई व्हय रं?"

"मिळती की. मला ह्येच बांधायचंय."

त्यानं पुढची वायर माझ्या हातात दिली.

दोन्ही टाक्या भरून मी तासगावपर्यंत जाऊन आलो. परत येऊन बघतो तर तिच्या टाकीच्या झाकणातनं डिझेल वाहतंय. माझी टाकी उतरलेली, आणि जिला हातही लावला नाही ती उतू जातेय. मिस्त्री खाली शिरला आणि खालनंच हसायला लागला.

"गड्या, इंजिन लागंल तेवढंच डिझेल घेतं, उरल्यालं माघारी पाठवतं. तुझा माघारीचा पाइप पहिल्यापासनं वहिनीच्या टाकीत हाय. जुनं इंजिन थोडंथोडं सोडायचं, कळायचं न्हाई. ह्ये धो धो सोडतंय."

"म्हंजे माझ्या टाकीतलं तिच्या टाकीत जात हुतं?"

"इतकी वर्सं. म्हणून तर तिची पुरायची."

मी तिथंच मातीत बसलो आणि लय हसलो. हे तिला सांगायला पाहिजे होतं. मानलंच नसतं तिनं, भांडली असती. मग रडू आलं. मिस्त्री पाना शोधायला आत गेला. पाना त्याच्या हातातच होता.

माघारीच्या पाइपालाही व्हॉल्व बसवला, त्याची वायर त्याच बटणाला जोडली. आता जिच्यातनं डिझेल घ्यायचं, तिच्यातच उरलेलं परत जाणार. लाइनीत धरलेली हवा काढली, दिवस मावळायच्या आत पुन्हा एक फेरी मारली. थेंब नाही. सांजेला आलेल्या मुलानं वाकून दोन्हीकडं बघितलं. "जावा आबा. दमानं जावा."

दुसऱ्या दिवशी म्हातारीला लेकीच्या सीटवर बसवलं. गाडी निघाली तशी ती पायानं सीटखाली चाचपायला लागली.

"पाव्हणं, कॉक कुठं गेला?"

"काढला आत्या. आता बटण हाय."

"मग मी हितं बसून काय करू?"

वाटेतली मायणी मागं पडली तसा माझ्या टाकीचा काटा तळाला आला. बटण माझ्या हाताशी होतं, पण मी दाबलं नाही; गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"आत्या, फिरवा."

ती माझ्या अंगावरनं आडवी झाली आणि मी दाखवलं ते बटण अंगठ्यानं दाबलं, पितळी कॉक असावा तसं जोर लावून. काटा वर चढला.

"ही कुणाची?"

"तुमच्या लेकीची."

"भरल्याली हाय की."

"हाय. पर आता हीबी संपती."

म्हातारी काट्याकडं बघत राहिली. "संपू दे. सांगलीपातूर पुरंल न्हवं?"

"पुरंल की," मी म्हणालो, आणि गिअर टाकला.